वारुळावरील छत्राक

मेघगर्जनेनें भूमीवर शिलींध्रें उगवतात, असें मेघदूतांत वर्णन आहे. टीकाकार मल्लिनाथ तेथें कंदली घेतो. परंतु छत्राक हाहि त्या शब्दाचा अर्थ आहे. मनूनें तर कवकांस लसूण-कांद्यांच्या पंक्तीस बसवून अभक्ष्य ठरविलें. भक्ष्याभक्ष्य-विचार क्षणभर बाजूस ठेविला, तरी ही वस्तु अभ्यासयोग्य आहे.

दिसते ती छत्री केवळ फळ होय. ज्यास झाड म्हणावें तें तंतुरूपानें मातींत किंवा काष्ठांत दडलेलें असतें. हिमालयांतील देवदारांच्या जुन्या अरण्यांत असे तंतु वृक्षमूळांस वेढून पाणी व स्फुरद पुरवितात आणि मोबदला म्हणून शर्करा घेतात. आमच्या मोताळ्याकडे देवदार नाहींत. ज्ञानगंगा अभयारण्यांत साग, सालई, अंजन यांचें पानझडी रान आहे. येथें कवकाचें सख्य वाळवीशीं जडलेलें आढळतें. चावलेल्या काष्ठाचे पोळ्यासारखे सच्छिद्र गड्डे रचून वाळवी त्यांवर कवक पोसते. कवक तें काष्ठ पचनयोग्य करतें व वाळवीचा निर्वाह होतो. पावसाळ्यांत त्याच गड्ड्यांतून लांब देठाची अळंबी वर येते. या प्रजातीस फ्रेंच शास्त्रज्ञ हाइम यांनीं १९४२ सालीं ‘टर्मिटोमायसिस’ हें नांव दिलें.

फळ थोड्या दिवसांचें. म्हणून एका पावसाळ्यांत न दिसल्यास कवक तेथें नाहींच, असें अनुमान करूं नये. गणना करणाऱ्यानें त्याच जागीं वर्षानुवर्षें जावें. दिनांक, शेजारचा वृक्ष, आणि आधार माती, काष्ठ कीं वारूळ, हें टिपावें. छत्री बुडासह उकरावी. कारण विषारी ‘अमानिता’ ओळखविणारी पिशवी मातींतच राहून जाते. टोपी रात्रभर कागदावर ठेविल्यास बीजुकांचा रंग उमटतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत आजरेकर यांच्या नांवें असलेल्या संग्रहांत कवकांचे वाळविलेले नमुने जतन केले आहेत.

गृहिणींनीं एक ध्यानांत ठेवावें: रुप्याचें नाणें काळें पडण्याची परीक्षा खोटी आहे. मारक अमानितेचें विष शिजवून जात नाहीं. लक्षणें बहुधा सहा तासांनंतर दिसतात, मध्यें बरें वाटतें आणि मग यकृत निकामी होतें. अनोळखी छत्री स्वयंपाकघरांत आणूंच नये.

वारूळ खणलें किंवा कुजका ओंडका जाळला, कीं झाडच गेलें; आणि पूर्वीची नोंद नसेल तर काय गेलें हेंहि कळत नाहीं. अभयारण्यांत वनखात्याच्या अनुज्ञेवांचून कांहीं उपटूं नये; पण बांधावरचें एक वारूळ निवडून घरच्या मुलांनीं पांच पावसाळे त्याची टिपणवही राखावी. एवढें काम कोणत्याहि कुटुंबास साधेल.