मतकरी, रत्नाकर

(१७ नोव्हेंबर १९३८ – १७ मे २०२०). मराठी गूढकथाकार, नाटककार, पटकथालेखक व दिग्दर्शक. जन्म मुंबई येथे. मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्र विषय घेऊन १९५८ मध्ये ते बी.ए. झाले व त्याच वर्षी बँक ऑफ इंडियाच्या सेवेत दाखल झाले. १९७८ मध्ये नोकरी सोडून त्यांनी लेखन व रंगभूमी यांस पूर्णपणे वाहून घेतले. त्यांच्या लेखनास प्रारंभ मात्र नोकरीपूर्वीच झाला होता. वेडी माणसं ही त्यांची एकांकिका १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती.

मराठीत भय, गूढ आणि अद्‌भुत यांना वाहिलेले लेखन मुख्यतः नियतकालिकांच्या आश्रयाने वाढले. अनंत अंतरकरांचे नवल हे मासिक आणि धनंजय हा दिवाळी अंक यांनी अशा कथांना हक्काची जागा दिली व वाचनालयांच्या सभासदांनी त्या आवडीने वाचल्या. समीक्षकांनी मात्र हा प्रकार केवळ रंजनाचा मानून बाजूस ठेवला. ह्या क्षेत्रातील दुसरे प्रमुख लेखक नारायण धारप (१९२५ – २००८) यांच्या कथाकादंबऱ्यांत अमानुष शक्ती बहुधा बाहेरून चाल करून येते आणि ‘समर्थ’ यांच्यासारखा अधिकारी पुरुष तिचा बीमोड करतो. भयाला तेथे एक नाव असते, ठिकाण असते आणि त्यावर उताराही असतो. मतकरींच्या कथेत असा त्राता सहसा येत नाही. भुताखेतांचे त्यांना वावडे नव्हते; परंतु त्यांची कथा पडक्या वाड्यापेक्षा चाळीतील खोलीत, सदनिकेत, कचेरीत अधिक रमते. तिच्यातील माणसे पगारदार, संसारी व चारचौघांसारखी असतात. त्यांच्या दिनक्रमात एखादी विसंगती शिरते, प्रथम ती दुर्लक्षिण्याजोगी वाटते, आणि पुढे ती अतिमानवी आहे की पाहणाऱ्याच्या मनाचा विकार आहे, ह्याचा निर्णय वाचकाला करता येत नाही. भय निर्माण होते ते ह्या अनिर्णयातून. म्हणूनच त्यांच्या ह्या लेखनाला ‘भयकथा’ म्हणण्यापेक्षा ‘गूढकथा’ हीच संज्ञा अधिक शोभते.

खेकडा, मध्यरात्रीचे पडघम, रंगांधळा, कबंध, संदेह, निजधाम, फाशी बखळ, बारा पस्तीस हे त्यांचे काही कथासंग्रह. एखादा प्राणी, डोळ्यांतील व्यंग किंवा घड्याळातील वेळ अशी शीर्षकेदेखील रोजच्या व्यवहारातून आलेली आहेत. शेवटच्या काही वाक्यांत कथेला कलाटणी देण्याचे तंत्र त्यांनी विपुल वापरले. क्वचित ते सरावाचे होऊन वाचकाला आधीच ओळखू येते. परंतु उत्तम कथांत ही कलाटणी मागे घडलेल्या सर्व प्रसंगांचा अर्थच पालटून टाकते. संवादांतून व्यक्ती उभी करण्याचे आणि तपशील योग्य वेळेपर्यंत राखून ठेवण्याचे कसब त्यांना नाट्यलेखनातून लाभले असावे.

भय हसण्यावारी कसे न्यावे, हेही त्यांना ठाऊक होते. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये रंगमंचावर आणलेले मधुमंजिरी हे बालनाट्य मतकरींचे होय. १९६२ मध्ये त्यांनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था स्थापन केली. निम्मा शिम्मा राक्षस, अलबत्या गलबत्या इ. नाटकांतील राक्षस व चेटकिणी मुलांना आधी दचकवतात आणि लगेच हसवतात. अलबत्या गलबत्यामधील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी गाजविली. २०१८ मध्ये ह्या नाटकाचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा ती भूमिका वैभव मांगले यांनी केली. प्रौढ रंगभूमीवर महाभारत युद्धानंतरचे वृद्धांचे वनवासी जीवन दाखविणारे आरण्यक आणि ग्रामीण दलितांवरील अत्याचारांचा विषय मांडणारे लोककथा ’७८ ही त्यांची महत्त्वाची नाटके होत.

एकच कथाबीज निरनिराळ्या माध्यमांत नेण्याचा त्यांना ध्यास होता. माझं काय चुकलं? ह्या त्यांच्या नाटकावरून राजदत्त यांनी माझं घर माझा संसार (१९८६) हा चित्रपट केला. गहिरे पाणी ह्या दूरचित्रवाणी मालिकेद्वारा गूढकथा घरोघरी पोहोचली. हे माध्यमांतर सोपे नव्हते. छापील कथेत ‘कोणीतरी असावे’ एवढ्यावर काम भागते. कॅमेऱ्यापुढे मात्र ते कोणीतरी दाखवावे लागते किंवा जाणीवपूर्वक लपवावे लागते, आणि दाखविले की शंकेची जागा खात्री घेते. साधनांची मर्यादा असलेल्या दूरचित्रवाणीवर त्यांनी अधिक भर अभिनय व संवाद यांवर ठेवला.

ह्या वाटचालीचे टोक म्हणजे स्वतःच्या कथेवरून त्यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला इन्व्हेस्टमेंट (२०१३) हा चित्रपट. तो त्यांनी वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास केला. निर्मिती प्रतिभा मतकरी यांची. चित्रपटात भूत नाही, अंधारही फारसा नाही. महत्त्वाकांक्षी मध्यमवर्गीय दांपत्याच्या शाळकरी मुलाकडून एका मुलीची हत्या होते आणि आईवडील ती दडपण्याच्या मागे लागतात, कारण मुलगा ही त्यांची गुंतवणूक आहे. वीस वर्षे बँकेत काढलेल्या लेखकाने हा शब्द शीर्षकासाठी निवडावा, हेही लक्षणीय आहे. गूढकथेत जी भीती घराच्या कोपऱ्यात दबा धरून बसत असे, ती येथे घरातील हिशेबात उघडपणे वावरते. साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

मतकरींना २००३ मध्ये नाट्यलेखनासाठी संगीत नाटक अकादमीचा, तर २०१८ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. गूढकथा हा त्यांचा सर्वाधिक वाचला गेलेला प्रकार असूनही हे दोन्ही सन्मान इतर लेखनाच्या वाट्यास आले. अखेरच्या वर्षांत त्यांनी ठाण्यातील वस्त्यांमधील मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम उभारला. त्यात मुले आपल्याच जगण्यातील प्रसंग नाटिकांतून सादर करीत. कोविड–१९ च्या साथीत मुंबई येथे त्यांचे निधन झाले.