अक्षर हाती येताना

मराठी बायकांनी लिहिलेली आत्मचरित्रं मी गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा वाचतो आहे. आनंदासाठी वाचतो, हे आधी सांगायला हवं, कारण या पुस्तकांचं नाव निघालं की लोक लगेच सामाजिक दस्तऐवजाची भाषा बोलू लागतात. दस्तऐवज तर ती आहेतच. पण त्याआधी ती अतिशय रंगून सांगितलेली पुस्तकं आहेत. यंदा मी ती पाठोपाठ वाचली आणि एका धाग्यावर लक्ष ठेवलं: या बाईच्या हाती अक्षर आलं कसं? कुणी शिकवलं, घरात कुणाची नाराजी पत्करून, दिवसाच्या कुठल्या वेळी? ते कळलं की पुस्तकाचा आवाज असा का लागतो, हेही बरंचसं उमगतं.

रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालचं. १८७३ साली लग्न झालं तेव्हा नवरीला लिहितावाचता येत नव्हतं आणि नवऱ्याचं वय तिशीपुढे गेलेलं. माधवरावांनी, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांनी, लगोलग शिकवायला घेतलं. दिवसा घरच्या बायकांत राहायचं, त्यांचं काम करायचं, टोमणे ऐकायचे आणि रात्री माडीवर धडा. मुलींचं हायस्कूल निघावं म्हणून रमाबाईंनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीत निवेदन वाचलं. १८८४ साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली. त्या निवेदनाचं कौतुक बाहेर होत असताना घरात त्याचीच हेटाळणी झाली. उलट न बोलण्याचा सल्ला नवऱ्याचा, आणि तो पाळण्याची शिकस्त बायकोची.

या पुस्तकातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग कलकत्त्याचा. सरकारी कामासाठी माधवराव तिथे गेले असता त्यांनी बंगाली शिकायचं मनावर घेतलं. सकाळी हजामत चाललेली, हातात बंगाली पुस्तक, मोठ्याने वाचन सुरू आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ ते विचारताहेत न्हाव्याला. आतून ऐकणाऱ्या रमाबाईंना वाटतं कुणी मास्तर आलेत, आणि बघतात तर हा मास्तर वस्तरा घेऊन बसलेला. असं शिकलेलं बंगाली पुढे माधवरावांनी त्यांनाही शिकवलं. न्यायमूर्तींच्या मोठेपणावर लिहिलेली पानंच्या पानं मी वाचली आहेत, पण शिकण्याची अशी निर्मळ भूक मला या एका प्रसंगात दिसते. आणि तो टिपला आहे पत्नीने, कारण आतल्या खोलीत कान देऊन तीच होती.

तरीही हे पुस्तक नवऱ्याभोवती फिरतं. रमाबाई स्वतः त्यात सतत एक पाऊल मागे उभ्या असतात. आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ (१९४४) तसं मागे उभं राहत नाही. बाया, म्हणजे आनंदीबाई, कोकणातल्या, लहानपणी विधवा झालेल्या. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदासदन काढलं, तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. १८९३ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह. नवऱ्याने मिळकत संस्थेकडे वळवायची आणि घरचा खर्च बायांनी भागवायचा, याचा राग त्या झाकून ठेवत नाहीत. महर्षींबद्दलचा आदर आणि पैशाची तक्रार एकाच पानावर सुखाने नांदतात. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आज फारसं कुणी वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करणारी ही विधवा प्रौढपणी इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेली आणि लोकांच्या घरी घरकाम करून राहिली. एवढं धाडस, पण सांगणं अगदी साधं.

लक्ष्मीबाई टिळकांपाशी मात्र थांबायलाच हवं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला, आणि माझ्या मते मराठी गद्यात त्या तोडीचं पुस्तक क्वचितच झालं असेल. लहानपणी वडिलांचं सोवळ्याचं वेड, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणं, त्यापायी घरादाराचे हाल. हे सगळं त्या असं सांगतात की हसू येतं आणि त्याच वेळी पोटात तुटतं. नवरा कवी, लहरी, खिशात पैसा न टिकणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई धाकट्या दत्तूसह मागे राहिल्या. पुढची सुमारे पाच वर्षं ताटातुटीची. ती पानं वाचताना मी दर वेळी एकच गोष्ट शोधतो: नवऱ्याविषयी कडवट वाक्य कुठे आहे? राग आहे, रडणं आहे, भांडण तर आहेच. कडवटपणा मला अजून सापडलेला नाही.

शाळेत न गेलेल्या या बाईला वाचायला शिकवलं टिळकांनी, तेही त्यांच्या धरसोडीने. पुस्तकी वळण तिच्या भाषेला लागलंच नाही. वाक्यं छोटी, बोलण्यातली, आणि क्रियापदावर नेमकी थांबणारी. तिचा विचारही असाच एका जागी येऊन ठेपतो. जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न ती ओसरीवर बसल्यासारखी स्वतःशी सोडवते आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं पाणी प्यायला मोकळी होते. ते उत्तर तिने प्रवचनातून उचललेलं नाही, म्हणूनच ते पटतं. टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुढे तिनेच ६४ अध्याय रचून पुरं केलं.

आणखी दोन पुस्तकांविषयी थोडक्यात. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) त्यांनी बोलून सांगितलेलं, अरुण साधूंनी शब्दांत उतरवलेलं, आणि त्यातली बेधडक कबुली आजही अंगावर येते. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ त्यावरूनच आला. सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा लोकांनी त्यात त्यांचे पती पु. ल. शोधले. मला तो त्या पुस्तकावरचा अन्याय वाटतो. स्वतःला इतक्या कठोरपणे तपासणारं लेखन आपल्याकडे विरळा.

आणि १९८६. शांताबाई कांबळ्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ एकाच वर्षी पुस्तकरूपाने आली. शांताबाई पुढे शिक्षिका झाल्या. त्यांच्या पुस्तकावरची ‘नाजुका’ ही मालिका दूरदर्शनवर अनेकांनी पाहिली असेल. बेबीताईंच्या हाती अक्षर टिकलं ते मात्र फलटणच्या त्यांच्या छोट्या दुकानात. पुड्या बांधायला रद्दी यायची, तिचे कागद त्या वाचायच्या. लिहायच्याही, पण नवऱ्यापासून चोरून, आणि ते लिखाण त्यांनी वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. रमाबाई रानड्यांना शिकवायला नवरा होता. बेबीताईंना नवऱ्याची नजर चुकवून लिहावं लागलं.

पुस्तकात त्या स्वतःविषयी कमी आणि महारवाड्याविषयी जास्त बोलतात. भुकेला निवडुंगाची बोंडं खाणारी माणसं, आषाढात सारवून लख्ख होणारी घरं, पोतराज. सासुरवाशिणीच्या पायात लाकडाचा खोडा अडकवायचे, ते वर्णन वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एरवी ज्याला बाहेरचा जुलूम म्हणतात, तो घरात शिरून सुनेच्या पायापर्यंत कसा पोचतो, हे त्या कुठलाही सिद्धान्त न मांडता दाखवतात. बाबासाहेबांचं भाषण ऐकून बायकांनी मुलांना शाळेत घालायचं ठरवलं, तो भाग आला की त्यांच्या निवेदनाचा वेगच बदलतो. वाक्यं धावू लागतात.

ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) हे याच वाटेवरचं पुढचं पुस्तक. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यात बांबूच्या टोपल्या विणून घर चालवणारी आई त्यात आहे. लेक शिकली, नोकरीला लागली, चळवळीत गेली. पण शिकलेल्या घरातही बाईच्या लिहिण्याला वेळ कुणी द्यायचा, हा प्रश्न उरतोच, आणि तो त्या उघडपणे विचारतात.

नव्या वाचकाला माझं सांगणं आहे की ही पुस्तकं उलट क्रमाने वाचा. आधी बेबीताई वाचा, मग शंभर वर्षं मागे रानड्यांच्या घरात जा. तिथलं पाणी कोण भरत होतं, लाकडं कोण फोडत होतं, अंगण कोण झाडत होतं, असे प्रश्न तुम्हाला पडू लागतील. रमाबाईंनी त्यांची उत्तरं दिलेली नाहीत, कारण त्यांच्या काळाने ते प्रश्न त्यांच्यापुढे ठेवलेच नव्हते. लक्ष्मीबाईंपुढे ते आले आणि त्यांनी टाळले नाहीत. त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हातात घ्या. जुन्या पिढीने विनोदी म्हणून मिटक्या मारत वाचलेली पानं तुम्हाला निराळी लागतील, आणि त्यातला विनोद तरीही जसाच्या तसा राहील.