गाव संपलं, पब उरला

इंग्लंडमधला खेड्यातला पब म्हटला की चर्च, हिरवळ आणि संध्याकाळी चालत येणारे चार शेजारी डोळ्यांसमोर येतात. टॅन हिल इनच्या वाट्याला यातलं काहीच नाही. यॉर्कशायर डेल्सच्या उत्तर टोकाला, उघड्या माळावर हे दगडी घर एकटंच उभं आहे. केल्ड हे जवळचं गाव चार मैलांवर, तेही खाली दरीत. उंची ५२८ मीटर. ब्रिटनमधला सर्वांत उंच पब म्हणून तो ओळखला जातो. पुणेकरांना हसू येईल, त्यांचं शहर याहून थोडं वरच आहे. पण इथे झाड तग धरत नाही, पायाखाली दलदल असते, आणि हिवाळ्यात रस्ता कधी बंद पडेल याचा नेम नसतो.

अशा जागी मुळात दारू विकायला कोण आलं? उत्तर जमिनीखाली आहे. या माळावर तेराव्या शतकापासून कोळसा खणला जात होता. फार उत्तम प्रतीचा नव्हे, पण चुनाभट्ट्यांना आणि खालच्या स्वेलडेल दरीतल्या शिसं वितळवणाऱ्या भट्ट्यांना चालणारा. सतराव्या शतकातली ही इमारत पुढे खाणकामगारांचा अड्डा बनली. जवळच्या खाणीवरून तिला ‘किंग्ज पिट’ म्हणत. आजूबाजूला कामगारांची घरं होती. कोळसा न्यायला घोडी घेऊन येणारे, गुरं हाकत दक्षिणेकडे निघालेले, सगळे इथे थांबत.

पब चालवणाऱ्याला तिकडे लँडलॉर्ड म्हणतात, मग इमारत त्याच्या मालकीची असो वा नसो. टॅन हिलच्या लँडलॉर्डांच्या रांगेत एक बाई सगळ्यांवर मात करून बसली आहे: सुझन पीकॉक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इथे आली आणि १९३७ मध्ये मरेपर्यंत हलली नाही. काउंटरमागे ती भरलेलं पिस्तूल ठेवायची असं सांगतात. खरं असेल किंवा नसेल, पण एवढ्या एकाकी घरात रात्री दार वाजलं तर आपल्यालाही तोच विचार सुचला असता. तिची कीर्ती इतकी पसरली की १९३०च्या दशकात बीबीसीने तिला रेडिओवर आणलं. नुसता फटकळपणा असता तर एवढं झालं नसतं. बदलत्या गिऱ्हाइकाला धरून ठेवणं तिला जमलं होतं, आणि माझ्या मते हे घर टिकलं ते याच गुणावर. दगडी भिंती तर शेजारच्या घरांनाही होत्या.

त्या घरांचं काय झालं पाहा. शेवटची खाण १९२९ मध्ये बंद पडली आणि कामगारांची घरं पाडण्यात आली. ज्यांच्यासाठी पब होता तेच निघून गेले. उरले ते मेंढपाळ आणि मोटारी घेऊन भटकायला निघालेले नवे हौशी लोक. मेंढपाळांचं नातं जुनं होतं. काळ्या तोंडाच्या, नाकाशी पांढऱ्या असलेल्या स्वेलडेल मेंढीची पैदासकार संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली ती टॅन हिल इनपासून सात मैलांच्या आतल्या शेतकऱ्यांनी. हद्द आखताना मध्यबिंदू म्हणून पब! आजही मे महिन्यात मेंढ्यांचं प्रदर्शन त्याच्याच दारात भरतं.

१९६५ मध्ये पेनाइन वे ही २६८ मैलांची पायवाट अधिकृतपणे खुली झाली. ती थेट पबच्या दारावरून जाते, त्यामुळे ओल्या बुटांचं गिऱ्हाईकही मिळालं. १९७४ मध्ये सीमा बदलल्या आणि पब यॉर्कशायरमधून डरहॅम परगण्यात गेला; काही वर्षांनी पुन्हा परतला. यॉर्कशायरचा माणूस असल्या गोष्टी विसरत नाही. १९८०च्या दशकात एव्हरेस्ट या खिडक्यांच्या कंपनीने जाहिरातीसाठी हीच जागा निवडली. बाहेर वादळ घोंघावत असताना टीव्हीवरच्या टेड मोल्टने खिडकीशी एक पीस सोडलं आणि ते सरळ खाली पडलं; म्हणजे वारा आत शिरतच नव्हता. २००७ मध्ये नाताळच्या जेवणाला ‘फॅमिली फीस्ट’ हे आपलं नाव दिल्याबद्दल केएफसीने पबला इशारा दिला. तळलेल्या कोंबडीवाल्यांना माळावरच्या या घराची भीती का वाटावी, कोण जाणे. बोभाटा झाल्यावर त्यांनी माघार घेतली.

२६ नोव्हेंबर २०२१च्या शुक्रवारी ओएसिस या गाजलेल्या बँडची गाणी म्हणणारा ‘नोएसिस’ हा बँड इथे आला होता. त्याच रात्री आर्वेन वादळ आलं, दारं बर्फाने अडली आणि साठ-एक माणसं तीन रात्री आतच अडकली. गाद्या जमिनीवर पडल्या, प्रश्नमंजूषा झाल्या, बँड पुन्हा वाजला. जगभरच्या बातम्यांना हा मजेचा भाग फार आवडला. मला मात्र कोठाराची उत्सुकता वाटते. विजेची सार्वजनिक तार इथवर पोचलेली नाही, घर जनरेटरवर चालतं. डिझेल, जळण आणि अन्न हिवाळ्याआधीच भरून ठेवलेलं नसतं, तर एवढ्या पाहुण्यांची शनिवारची सकाळ गाण्यात गेली नसती. सोमवारी बर्फ हटवून वाट झाली, तेव्हा काहींना निघायची घाई नव्हती.