दोन योजना, एक रुग्ण : सिल्वासातील आरोग्यविमा-समुपदेशनाचा मागोवा

पोर्तुगीज अमलातून १९५४ साली मुक्त झालेल्या आणि १९६१ साली भारतीय संघराज्यात सामील झालेल्या दादरा व नगर हवेलीत आरोग्यसेवा दीर्घकाळ सरकारी दवाखान्यांवरच विसंबून होती, आणि सिल्वासाचे श्री विनोबा भावे नागरी रुग्णालय हे तिचे मुख्य केंद्र होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस करसवलतींमुळे येथे प्लास्टिक आणि धाग्यांचे कारखाने उभे राहिले. त्यांत राबलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे आणि दुहेरी संरक्षणाचा, म्हणजे एकाच व्यक्तीला दोन स्वतंत्र योजनांतून उपचार मिळण्याचा, प्रश्न तिच्याच वाट्याला आला आहे.

कामगार राज्य विमा योजनेचा मूळ कायदा १९४८ चा. या योजनेत किमान पाच वर्षे विमाकृत नोकरी करून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते, परंतु निवृत्तीच्या वेळी ही गोष्ट कोणी समजावून सांगितली नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने पाच जणांपर्यंतच्या गरीब कुटुंबाला वार्षिक ३०,००० रुपयांचे संरक्षण देऊ केले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने ही मर्यादा पाच लाखांवर नेली आणि तिच्याबरोबर रुग्णालयाच्या खिडकीवर बसणारा आरोग्यमित्र आला. रुग्णाची ओळख पटवणे, उपचाराची पूर्वपरवानगी मागवणे, कागदपत्रे पाहणे ही त्याची कामे होत. ही व्यवस्था मोलाची खरी, तरी आरोग्यमित्र एका योजनेचा असतो. रुग्णाकडची दुसरी योजना उलगडून सांगणे हे त्याचे नेमून दिलेले काम नसते.

अपंगांच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च देते, आणि त्यात बाह्यरुग्ण तपासणी व नियमित थेरपीही येते. आयुष्मान मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. त्यामुळे मेंदूचा पक्षाघात असलेल्या प्रौढाची शस्त्रक्रिया आयुष्मानमधून आणि तिच्यापूर्वी व नंतर चालणारी फिजिओथेरपी निरामयमधून, अशी सांगड घालता येते. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र, दरवर्षीचे नूतनीकरण आणि जपून ठेवलेली बिले लागतात, कारण निरामयमध्ये खर्च आधी करावा लागतो आणि परतावा मागाहून मिळतो. पायांना अपंगत्व असलेला किंवा दृष्टिहीन माणूस या चार प्रकारांत बसत नाही, हेही कोणीतरी आधीच सांगायला हवे.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. ज्यांचे कुटुंब आधीच योजनेत आहे त्या वृद्धांसाठी स्वतंत्र पाच लाख आहेत, आणि ते घरातील सत्तरीखालच्या इतरांत विभागले जात नाहीत. खाजगी पॉलिसी किंवा कामगार राज्य विमा असलेल्यांना दोन्ही ठेवता येतात, तर केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील निवृत्तांना आणि माजी सैनिकांना कोणती तरी एक निवडावी लागते. ही निवड डोळसपणे व्हावी, तर अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही योजनांची रुग्णालये आणि औषधांची सोय शेजारी शेजारी मांडून दाखवणारा जाणकार हवा. वय आधारवरूनच धरले जाते; ज्या आदिवासी वृद्धांची जन्मतारीख अंदाजाने लिहिली गेली, त्यांचा हक्क तिथेच अडकू शकतो, म्हणून आधार-दुरुस्तीची माहिती हाही समुपदेशनाचाच भाग ठरतो.

सिल्वासाला आणखी एक पेच आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, तलासरी या भागांतले रुग्ण येथे येतात. त्यांचे केंद्रीय आयुष्मान कार्ड कोणत्याही राज्यातील संलग्न रुग्णालयात चालते, परंतु केवळ महाराष्ट्राच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळणारे संरक्षण त्या राज्याने संलग्न केलेल्या रुग्णालयांपुरतेच राहते.

एकाच रुग्णाच्या दोन योजनांचा असा प्रश्न इतरत्रही आहे. अमेरिकेत मुख्यतः वृद्धांसाठीची मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड या योजना १९६५ साली आल्या, आणि १९९० च्या कायद्याने मेडिकेअरच्या लाभार्थींसाठी राज्योराज्यी मोफत समुपदेशनाला निधी मिळाला. तिथे सल्ला योजनेभोवती नव्हे, तर माणसाभोवती बांधला गेला. सिल्वासात तशी खिडकी सुरू करायची, तर आरोग्यमित्राच्याच प्रशिक्षणात निरामय, कामगार विमा आणि शेजारच्या राज्यांच्या योजना घालता येतील, आणि खानवेलसारख्या गावी आशा स्वयंसेविकेला तीच माहिती मराठी, गुजराती आणि वारली बोलीत देता येईल.