आवाज टिपताना ठिपके किती?

आज आम्ही तुम्हाला आमची एक चूक सांगणार आहोत. ती तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच.

जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायचं आमच्या गटानं ठरवलं, तेव्हा आधी गेलो ते गावातल्या एका आजींकडे. वय ऐंशीच्या पुढे, पण खुंट्याला हात लागला की ओवी आपोआप ओठावर यायची. दोन दुपारी मिळून चार तास त्या आमच्यासाठी गायल्या. रेकॉर्डरमध्ये जागा कमी दिसत होती, म्हणून आम्ही सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात लहान आकडा निवडला, ८,०००. जास्त वेळ मावेल, एवढाच विचार केला.

रेडिओ केंद्रावर ऐकलं तर जात्याची घरघर होती, आजींचा आवाज होता, पण बांगड्यांची किणकिण गायब. 'सासर', 'सून', 'सोनं' यांतला 'स' फुसका झालेला. पुन्हा रेकॉर्ड करू म्हणेपर्यंत आजी गेल्या.

त्या आकड्याला सॅम्पल रेट म्हणतात. आवाज म्हणजे हवेची थरथर. रेकॉर्डर ती सलग धरून ठेवत नाही. सेकंदाला ठरावीक वेळा मोजतो आणि नोंद करतो. ८,००० म्हणजे एका सेकंदात ८,००० नोंदी. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच आहे हे. ठिपके लांब लांब ठेवले तर मोठा चौकोन निघतो, पण बारीक पाकळी निघत नाही.

मग ठिपके किती पुरेत? थरथरीच्या प्रत्येक हेलकाव्यात एक चढ असतो, एक उतार. दोन्ही पकडायचे तर एका हेलकाव्याला दोनाहून जास्त नोंदी लागतात. म्हणजे ८,००० नोंदींत सेकंदाला ४,००० हेलकाव्यांच्या आतलाच आवाज मावतो. जात्याची घरघर खालची, ती आली. बोलण्याचा मोठा भागही खालीच असतो, म्हणून शब्द कळले. पण 'स'चा बराचसा जोर ४,००० च्या वर असतो. बांगड्यांच्या किणकिणीतला बारीक खणखणाटही वरच. तो आमच्या जाळ्यातून निसटला. जुन्या साध्या फोनचं हेच आहे. तिथंही ८,००० नोंदींवर काम चालतं, म्हणून नाव सांगताना 'सशातला स' म्हणावं लागतं.

मग सगळ्यात मोठा आकडा निवडावा का? तशी गरज नाही. निकोप तरुण कानाला साधारण २०,००० हेलकाव्यांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याची दुप्पट ४०,०००, आणि वर थोडी सवड. म्हणूनच १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा आकडा ४४,१०० ठरला. व्हिडिओच्या कामात ४८,००० वापरतात. आपल्या कामाला या दोन्हींपैकी कोणताही पुरतो. एफएम रेडिओवरून तर साधारण १५,००० हेलकाव्यांपर्यंतचाच आवाज घरोघरी जातो. काही रेकॉर्डरवर ९६,००० हाही आकडा दिसतो. त्यानं फाइल दुप्पट होते, पण आपल्या कानाला फरक कळत नाही.

आता जागेचा हिशेब. ४८,००० वर, १६ बिट आणि मोनो ठेवलं, तर एका तासाला सुमारे ३४६ एमबी लागतात. १६ जीबीच्या कार्डात चाळीस तासांहून जास्त मावतं. ८,००० वर तासाला सुमारे ५८ एमबी. म्हणजे आजींच्या चार तासांत आम्ही वाचवली ती सव्वा जीबीच्या आतबाहेर जागा. तेवढ्यासाठी 'स' घालवला.

'कॉम्प्युटरवर आकडा वाढवता येत नाही का?' असं आम्हीही विचारलं होतं. वाढवता येतो, पण नवे ठिपके जुन्यांवरून अंदाजानं भरलेले असतात. जे टिपलंच नाही, ते त्यातून परत मिळत नाही. मोठ्याचं लहान कधीही करता येतं, लहानाचं खरं मोठं होत नाही. म्हणून आकडा बघायचा तो बटण दाबायच्या आधी.

आता आम्ही असं करतो. आपल्या रेडिओ केंद्राला कोणता आकडा चालतो ते आधी विचारतो, आणि सगळ्याजणी तोच ठेवतो. केंद्रानं काही सांगितलं नाही तर ४८,०००. काही ठिकाणी तो '४८ किलोहर्ट्झ' असा लिहिलेला असतो, अर्थ तोच. फाइल 'वेव्ह' प्रकारात ठेवतो, कारण एमपीथ्रीमध्ये आवाज दाबून लहान केलेला असतो. व्हॉट्सॲपवरून पाठवायची झाली तर व्हॉइस मेसेज करत नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. एक मिनिट रेकॉर्ड करून तिथंच हेडफोननं ऐकतो. 'स' आणि बांगड्या नीट ऐकू आल्या की मगच पुढे.

आणि हो, आकडा कितीही चांगला ठेवला तरी डोक्यावरचा पंखा आकड्यानं बंद होत नाही. तो उठून बंद करावा लागतो. माइकही तोंडापासून वीतभर अंतरावर हवा.

पुढच्या बैठकीत गटातला रेकॉर्डर किंवा मोबाईल मधे ठेवा, सेटिंग उघडा आणि आकडा सगळ्याजणींनी मिळून बघा. वहीत लिहून ठेवा. मग तुमच्या वाडीवरच्या आजींकडे जा. ओव्या येणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्यात, तेव्हा फार दिवस लावू नका.