भ्रमणध्वनीवरील आरती आणि दारातले पाऊल

भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या माहेरवाशिणी होऊन येतात, तेव्हा वऱ्हाडातील घरे पाहुण्यांची वाट पाहू लागतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन व महाप्रसाद, मूळ नक्षत्रावर विसर्जन, असे हे तीन दिवस. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या आणि वर टांगलेला फुलोरा यांनी घर सजते. परंतु त्याला भरलेपण येते ते जेवणाऱ्यांच्या पंक्तीने. म्हणूनच या जेवणाचे निमंत्रण पूर्वी प्रत्यक्ष दारी जाऊन दिले जाई.

हल्ली मूर्तिजापुरातही ते बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर येते. एकच मजकूर शंभर घरी पोहोचतो आणि शंभर घरांतून जोडलेल्या हातांचे एकच चित्र परत येते. यात मला दोष काढावयाचा नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी, नेमक्या गणेश चतुर्थीस, जिओची सेवा देशभर सुरू झाली आणि स्वस्त इंटरनेट खेड्यापाड्यांत शिरले. पुण्यास नोकरी करणारा मुलगा वा परदेशी असलेली लेक आज गावच्या आरतीत डोळ्यांनी सामील होते. अंथरुणाला खिळलेल्या आजीला विठ्ठलाचे दर्शन घडते. २०२० साली महामारीत मंदिरांची दारे बंद होती, तेव्हा याच काचेच्या तुकड्याने कित्येकांना धीर दिला. उपकार विसरणे ही आपली रीत नव्हे.

तथापि यंत्र काय पोहोचविते आणि काय नाही, याचा विचार करताना आमच्याच तालुक्यातील दापुऱ्याचे स्मरण होते. पितृछत्र हरपल्यावर बाल डेबूजी येथे आजोळी वाढला. त्याने गुरे राखली, शेत कसले. १९०५ साली घर सोडून तोच पुढे गाडगेबाबा झाला. १९५६च्या नोव्हेंबरात मुंबईस, वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले बाबांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. २० डिसेंबरला बाबा गेले, आवाज उरला. आज तो कोणाच्याही खिशातल्या फोनवर ऐकू येतो. बाबा प्रश्न विचारतात आणि समोरचा समुदाय एकमुखाने उत्तर देतो. आपण मात्र एकटेच ऐकतो. शिवाय कीर्तनाआधी गाव झाडणारा खराटा त्या ध्वनिफितीत नाही. तो ज्याचा त्यानेच हाती घ्यावा लागतो.

बाबांच्या शिकवणीची सुंदर चित्रे सणासुदीला या फोनवरून त्या फोनवर फिरतात. अंगठ्याच्या एका स्पर्शाने पुण्य पुढे पाठविल्याचे समाधान मिळते. भुकेला तेथेच भुकेला राहतो. महालक्ष्म्यांपुढे ताट वाढलेले, पुरणाची वाफ निवत चाललेली, आणि छायाचित्र मनासारखे येईपर्यंत नैवेद्य खोळंबलेला, असेही दृश्य आता नवे नाही. किती जणांना ते आवडले याची मोजदाद होते. पहाटेपासून चुलीपाशी राबलेल्या सुनेच्या पाठीवर हात ठेवावयाचे राहून जाते.

म्हणून सुज्ञ वाचकांस एवढीच विनंती. निमंत्रण फोनवर अवश्य पाठवावे. परंतु ज्या घरी वृद्ध माणसे एकटी आहेत, तेथे स्वतः जावे. दूरच्या लेकीला आरती जरूर दाखवावी. ती संपताच फोन देवघराबाहेर ठेवावा. एक पान कोणा उपाशी जीवासाठी वाढावे, आणि त्याचे छायाचित्र काढू नये.