रोजगार मेळाव्याला जावे का?

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमच्या एका माजी विद्यार्थिनीची अम्मी शाळेत आली. मुलगी बी.कॉम. होऊन वर्षभर घरीच होती. रोजगार मेळाव्याची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत होती. "सर, जाऊ देऊ का हिला? तिथं खरंच नोकरी लागते, की नुसती गर्दी?" एवढेच त्यांना विचारायचे होते. आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. आधीच्या एका मेळाव्याला आम्हीच हौसेने मुलांना घेऊन गेलो होतो आणि त्यातला एक मुलगा अजून आमच्या मनातून जात नाही.

तो आयटीआय फिटर. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट भरण्याची त्या दिवसाची रोजंदारी बुडवून आला होता. संध्याकाळी व्यासपीठावर पाहुण्यांच्या हस्ते निवडपत्र मिळाले, फोटो निघाला, मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. कामावर रुजू झाल्यावर कळले की नाव कारखान्याचे असले तरी नेमणूक कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडची आहे. सांगितलेल्या पगारात ओव्हरटाइम आधीच धरला होता. जेवण, बस, खोलीभाडे जाऊन हाती उरायचे ते इथल्या रोजंदारीहून फार वेगळे नव्हते. सात महिन्यांनी 'ब्रेक' दिला गेला. परत आल्यावर कितीतरी दिवस तो मोहल्ल्यात कुणासमोर यायला तयार नव्हता. पेढे आम्हीही खाल्ले होते, पण ते निवडपत्र वाचून पाहिले नव्हते. ही चूक आमची.

तरीही त्या अम्मींना आम्ही "जाऊ द्या" असेच सांगितले. जुन्नर-आंबेगावात शेती आहे, बाजार समित्या आहेत, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने आहेत. बाकी कारखानदारी पुणे-नाशिक रस्त्याने खाली चाकण-भोसरीला, नाहीतर शिरूरकडे रांजणगावला. गेटवरच्या वॉचमनच्या हाती बायोडाटा देऊन परत आलेली मुले आम्ही पाहिली आहेत. 'आमच्या साहेबांना सांगतो' म्हणणारा मामा किंवा चाचा आपल्या बहुतेक घरांत नसतो. मेळाव्यात निदान नेमणूक करणारा माणूस समोर बसलेला असतो आणि त्याला प्रश्न विचारता येतो.

मात्र कोणत्याही मेळाव्यामागे धावू नये. मार्च २०२४ मध्ये बारामतीला विद्या प्रतिष्ठानच्या आवारात 'नमो महारोजगार मेळावा' झाला. जिल्हा आपलाच, पण जुन्नर त्याच्या उत्तर टोकाला आणि बारामती पार आग्नेयेला. इकडच्या मुलीने पहाटे निघून तिथल्या रांगेत उभे राहण्यापेक्षा जवळच्या एखाद्या महाविद्यालयात भरणारा लहान मेळावा बरा. तिथे टेबलापाशी दोन मिनिटे जास्त मिळतात. सरकारी मेळाव्याची नोंदणी 'महास्वयम्' पोर्टलवर फुकट होते. कोणती पदे आहेत, शिक्षण किती लागते, हे तिथे आधीच पाहून घ्यावे. आपल्या शिक्षणाचे एकही पद नसेल तर त्या दिवशी घरीच राहिलेले चांगले. नोंदणी किंवा गणवेशाच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर तिथून उठावे.

आता एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगतो, कारण तिच्यात आमच्या शाळांचाही दोष आहे. आपल्या मुलांची नावे कागदोपत्री एक नसतात. दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मो.', गुणपत्रिकेवर 'महंमद'. 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरात तीन प्रकारचे सापडते. टेबलावर हे कुणी पाहत नाही. रुजू होताना पीएफ आणि बँक खात्याच्या वेळी मात्र गाडी अडते. मुलगा शाळेत असतानाच दुरुस्ती सोपी असते, पुढे राजपत्रात नावबदल छापून घेण्याची खटपट करावी लागते. दहावीचा फॉर्म भरताना पालकांनी सहीपूर्वी आधारकार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पाहावे.

टेबलावर काय विचारायचे, ते त्या मुलीला आम्ही कागदावर लिहून दिले. पगार कोण देणार, कंपनी की कंत्राटदार? ओव्हरटाइम सोडून हातात किती? पीएफ कापणार का? कापणार असेल तर यूएएन नंबर कधी मिळेल? (तो मिळाला की दर महिन्याला पैसे भरले जातात की नाही, हे पासबुकात आपल्यालाच दिसते.) शिफ्ट कोणती आणि बस कुठपर्यंत सोडते? तिची अम्मी म्हणाली, "एवढं विचारलं तर घेतील का?" भीती खोटी नव्हती. पण जो या प्रश्नांवर चिडतो, त्याच्याकडे मुलीला पाठवायचे तरी कशाला?

विद्यावेतन आणि पगार यांतही पुष्कळांची गल्लत होते. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठरले होते. ते प्रशिक्षण होते, पुढे कायम नोकरीची हमी त्यात नव्हती. १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारीही नोकरी नव्हे, पण ती पूर्ण करून परीक्षा दिली की हाती राष्ट्रीय प्रमाणपत्र येते. पैसे कमी म्हणून मुले त्या टेबलाकडे वळतच नाहीत. आमच्या फिटरने आता तोच अर्ज भरला आहे.

मुलगी भावाबरोबर मेळाव्याला गेली आणि तीन ठिकाणी नाव देऊन आली. एका टेबलावर बस राजगुरुनगरपर्यंतच सोडते असे कळले. दुसरी शिफ्ट रात्री सुटणार, पुढे मंचरपर्यंत यायचे कसे? ते तिने तिथेच सोडले. दुसऱ्या ठिकाणाहून फोनच आला नाही. तिसऱ्या ठिकाणी तिने बारा दिवसांनी स्वतःहून फोन केला, तेव्हा पुन्हा मुलाखतीला बोलावले. आता ती एका गोदामाच्या कार्यालयात बिले करते आणि संध्याकाळी उजेडात घरी येते. पगार फिटरला सांगितला होता त्याहून कमी आहे. एसटीच्या पासाचे पैसे जाऊन किती उरतात, ते अम्मी महिन्याच्या महिन्याला वहीत मांडते.